घराचा विमा वेगळा, पुराचा वेगळा: नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ काउंटीत घर घेताना

भारतात घराचा विमा काढला की पूर त्यातच येतो. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत आग, भूकंप, वादळ आणि पूर एकाच कागदावर आहेत. तीच समजूत घेऊन आपली माणसे अमेरिकेत घर घेतात, बँकेला हवी म्हणून होमओनर्स पॉलिसी काढतात, वर्षाच्या वर्षाला हप्ता भरतात आणि निश्चिंत होतात. अमेरिकेतल्या या होमओनर्स पॉलिसीत पूर स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. वादळाने छप्पर उडाले आणि वरून पाऊस आत आला, तर ती पैसे देते. ओढ्याचे किंवा अंगणात साचलेले पाणी दारातून आत आले, तर एक डॉलरही देत नाही. पुरासाठी वेगळी पॉलिसी लागते. ती बहुतेक जण नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम या 1968 च्या कायद्याने सुरू झालेल्या केंद्र सरकारी योजनेतून घेतात, आणि ती योजना फेमा ही आपत्ती व्यवस्थापन संस्था चालवते.

आमची हेवूड काउंटी नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम टोकाला, ब्लू रिज डोंगरांत आहे. समुद्र शेकडो मैल दूर, त्यामुळे इथे घर घेणाऱ्याच्या मनात चक्रीवादळ येतच नाही. पण गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, किनाऱ्यावर चढलेली वादळे वर सरकत येतात, डोंगरांना अडतात आणि पिजन नदीच्या वरच्या फाट्यांवर रिकामी होतात. 2004 च्या सप्टेंबरात फ्रान्सिस आणि आयव्हन ही दोन वादळे पाठोपाठ आली आणि कॅन्टन गाव एकाच महिन्यात दोनदा पाण्याखाली गेले. 17 ऑगस्ट 2021 ला फ्रेड आले. क्रूसो गावाच्या बाजूला पिजनचा ईस्ट फोर्क हा फाटा फुगला आणि काउंटीत सहा माणसे गेली. 27 सप्टेंबर 2024 ला हेलीन. ज्यांचे वाडवडील इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांनीसुद्धा एवढे पाणी पाहिले नव्हते. तरीही हेलीनच्या वेळी या डोंगराळ भागातल्या फार थोड्या घरांकडे पूरविमा होता. घर घेण्यापासून दाव्याचे पैसे हातात येईपर्यंतचे सगळे टप्पे इथे आम्ही पाहिले आहेत. कुठे काय तपासायचे आणि कुठे गाडी अडते, ते त्या क्रमाने लिहितो.

पहिली पायरी नकाशा. फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवर पत्ता टाकला की त्या जागेचा पूरनकाशा मिळतो. नॉर्थ कॅरोलायनाने फ्लॉइड वादळानंतर स्वतःचा नकाशा कार्यक्रम उभा केला, त्यामुळे राज्याच्या फ्लड रिस्क इन्फर्मेशन सिस्टिमवर याहून बारीक तपशील दिसतो. नकाशावर घर एई किंवा ए पट्ट्यात असेल, तर ती जागा वर्षाला 1 टक्का शक्यतेच्या पुरात येते आणि कर्ज देणारी बँक तिथे पूरविम्याची सक्ती करते. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फेमाचा हा पट्टा साधारण आपल्या लाल रेषेसारखा. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकले की माणूस म्हणतो, मागच्या वर्षी आला, आता माझ्या हयातीत यायचा नाही. पण तो अर्थ नाही. दरवर्षी 1 टक्का म्हणजे 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता 26 टक्के, चारात एक. कोल्हापूर-सांगलीकरांनी 2019 आणि 2021 असे दोन महापूर दोन वर्षांच्या अंतराने पाहिले, तेव्हा त्यांना हे गणित वेगळे सांगायला नको.

ग्रामीण काउंटीत नकाशा पाहताना एक फसगत हमखास होते. पत्ता टाकल्यावर पडणारी खूण बहुतेकदा रस्त्याकाठच्या टपालपेटीवर किंवा प्लॉटच्या मधोमध पडते. इथे टपालपेटी ओढ्याकाठच्या रस्त्यावर आणि घर वर टेकाडावर, किंवा नेमके उलटे, असे सर्रास असते. खुणेकडे न बघता उपग्रहचित्राचा थर चालू करून घराचे छप्पर शोधा आणि त्या छपरावर कोणता पट्टा येतो ते पाहा. बँकेसाठी पूरपट्टा ठरवून देणारी संस्थासुद्धा याच चुकीत अडकते. मग टेकाडावरच्या घराला विम्याची सक्ती होते आणि ओढ्याकाठच्या घराला मोकळे सोडले जाते.

नुसता ए लिहिलेला पट्टा दिसला तर तिथे पुराची उंची मोजलेलीच नाही, ढोबळ रेष ओढली आहे, एवढे समजावे. एई पट्ट्यात फूट आणि दशांशांत 'बेस फ्लड एलिव्हेशन' दिलेली असते, म्हणजे त्या 1 टक्का पुरात पाणी समुद्रसपाटीपासून कुठवर चढेल ती पातळी. एई पट्ट्यातच तिरप्या रेघांनी भरलेला भाग दिसला तर तो फ्लडवे, नदीच्या मुख्य प्रवाहाची वाट. तिथे साधी शेड उभारायची म्हटली तरी पुराची पातळी जराही वाढत नाही, असा अभियंत्याचा दाखला मागतात. राहते घर फ्लडवेमध्ये असेल तर आम्ही ते घेऊ नका असेच सांगू, विमा असो वा नसो.

आणि एक्स पट्टा? तिथेच बहुतेकांची गाडी चुकते. एक्स म्हणजे जास्त जोखमीच्या पट्ट्याबाहेरची जागा; तिथे बँक विम्याची सक्ती करणार नाही, इतकेच. फेमाकडे येणाऱ्या दाव्यांपैकी सुमारे 40 टक्के दावे जास्त जोखमीच्या पट्ट्याबाहेरून येतात. डोंगराळ भागात याची कारणे ठळक आहेत. साधारण एक चौरस मैलाहून लहान पाणलोट असलेल्या ओढ्यांचा अभ्यास फेमाच्या नकाशात सहसा होत नाही. नकाशावर त्या ओढ्याला पट्टाच नसतो, म्हणून काठचे घर आपोआप एक्समध्ये. दुसरे कारण आणखी मोठे. नकाशामागचे गणित पूल आणि मोऱ्या मोकळ्या वाहतात असे धरून केलेले असते. प्रत्यक्षात पहिल्या दोन तासांत वरून झाडांची खोडे, प्रोपेनच्या टाक्या, कुणाची तरी शेड वाहत येते आणि मोरीच्या तोंडात अडकते. पाणी मागे तुंबते, मग रस्ता ओलांडून नवी वाट काढते. ती वाट कुठल्याच नकाशावर नसते.

म्हणून नकाशा पाहून झाला की प्लॉटवर जा, आणि पाऊस पडून गेल्यावर जा. ओढ्याच्या वरच्या अंगाला मोरी किती रुंद आहे, तिच्या तोंडाशी काय अडकले आहे, ती भरली तर पाणी कुठल्या बाजूला उतरेल, हे पायी चालून पाहता येते. झाडांच्या बुंध्यांवर वरच्या बाजूला अडकलेला पालापाचोळा, कुंपणाच्या तारेत गुंतलेले गवत, शेजारच्या कोठाराच्या फळ्यांवरची मातकट आडवी रेघ, ही मागच्या पुराची पातळी असते. घराखालच्या क्रॉलस्पेसमध्ये टॉर्च घेऊन शिरा. जॉइस्टच्या, म्हणजे मजला पेलणाऱ्या तुळयांच्या, खालच्या कडेला वाळलेला गाळ, पायाच्या ठोकळ्यांवर पांढरट क्षार, एअर डक्टचे नवेकोरे तुकडे दिसले तर विक्रेत्याला सरळ विचारा. 2024 च्या जुलैपासून नॉर्थ कॅरोलायनात विक्रेत्याच्या माहितीपत्रकात पुराचे, पूरविम्याचे आणि आधीच्या दाव्यांचे प्रश्न आहेत. पण तिथे 'नो रिप्रेझेंटेशन', म्हणजे 'याबद्दल काही सांगत नाही', या खान्यावर खूण करता येते, म्हणून फेमाकडून त्या घराच्या जुन्या दाव्यांची नोंद मागवून द्यायला विक्रेत्याला सांगा. ती मालकालाच मिळते. खरेदीचा करार होण्याआधी मागितली तर तो नाही म्हणायला कचरतो.

त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारा: सध्या घरावर पूरविमा आहे का, आणि तो आमच्या नावावर करून द्याल का? नॅशनल प्रोग्रॅमची पॉलिसी नव्या मालकाच्या नावे वर्ग करता येते. जुन्या मालकाचा हप्ता अजून पूर्ण दरापर्यंत चढला नसेल, तर ती सवलत पॉलिसीबरोबर येते. राहत्या घराचा हप्ता वर्षाला 18 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, त्यामुळे ही सवलत बरीच वर्षे पुरते. नवी पॉलिसी काढली तर पहिल्या दिवसापासून पूर्ण दर. इस्टेट एजंटांपैकी फार थोडे जण हे आपणहून सांगतात.

काउंटीच्या कचेरीत फ्लडप्लेन ॲडमिनिस्ट्रेटर नावाचा एक अधिकारी असतो. लहान काउंटीत तोच बांधकाम परवानेही पाहतो. त्याच्याकडे त्या पत्त्याची फाइल मागा: जुना एलिव्हेशन सर्टिफिकेट, आधीच्या पुरानंतर झालेली नुकसानाची पाहणी, दुरुस्तीचे परवाने. परवान्याशिवाय दुरुस्ती झालेले घर घेतले, तर पुढच्या पुरानंतर ते निस्तरणे तुमच्या गळ्यात येते.

एलिव्हेशन सर्टिफिकेट म्हणजे परवानाधारक सर्व्हेयरने मोजलेल्या उंचीचा दाखला. घराच्या खालच्या मजल्याची, भोवतालच्या सर्वांत खालच्या जमिनीची, घर गरम करणाऱ्या फर्नेसची आणि वॉटर हीटरची उंची त्यात असते. यासाठी काहीशे डॉलर लागतात, डोंगरात थोडे जास्त. जुना दाखला वापरताना उंची कोणत्या मानकावर मोजली आहे ते पाहा. जुने दाखले एनजीव्हीडी 29 वर असतात, आताचे नकाशे एनएव्हीडी 88 वर. दोन्हींतले आकडे सरळ वजा केले तर घर कागदावर उगाच वर किंवा खाली जाते.

या दाखल्याचे दोन उपयोग. घर नकाशावर एई पट्ट्यात दिसते, पण घराला टेकलेली सर्वांत खालची जमीन बेस फ्लड एलिव्हेशनइतकी किंवा तिच्याहून उंच आहे, असे असेल तर फेमाकडे लेटर ऑफ मॅप अमेंडमेंटसाठी अर्ज करता येतो. अर्जाला फेमा शुल्क घेत नाही. पत्र मिळाले की बँक सक्ती उठवू शकते. इथे अर्ज फेटाळला जाण्याचे ठरलेले कारण म्हणजे घराला जोडलेला डेक, खांबांवरचा लाकडी ओटा. घर उंचावर असते, पण डेकचा शेवटचा खांब उतारावर खाली रुतलेला असतो. तो खांब जिथे जमिनीला टेकतो तीच 'सर्वांत खालची जमीन' धरली जाते. सर्व्हेयरला हे आधी विचारा, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. पत्र मिळाले तरी पॉलिसी सोडू नये, असे आमचे ठाम मत आहे; त्या पत्राने कर्जाची अट बदलते, ओढा बदलत नाही.

दुसरा उपयोग हप्त्यासाठी. 1 ऑक्टोबर 2021 पासून हप्ता ठरवण्याची पद्धत बदलली. आधी पट्टा पाहून दर लावायचे. आता पाण्यापासूनचे अंतर, जमिनीची उंची, पायाचा प्रकार, पहिल्या मजल्याची जमिनीपासून उंची आणि घर पुन्हा बांधायचा खर्च पाहून प्रत्येक घराचा वेगळा हप्ता निघतो. एलिव्हेशन सर्टिफिकेटची सक्ती आता नाही, पण दिलात आणि त्यातली उंची फेमाच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली तर हप्ता उतरतो. नॅशनल प्रोग्रॅमची पॉलिसी वेगवेगळ्या खासगी कंपन्या स्वतःच्या नावाने विकतात, पण दर सरकारने ठरवलेला असतो. दहा एजंटांकडे फिरून तो कमी होत नाही. फरक पडतो तो अर्जात लिहिलेल्या माहितीने, म्हणून अर्जाची प्रत मागून ओळीओळीने वाचा.

डोंगरात सर्वांत जास्त चुकणारी ओळ पायाच्या प्रकाराची. उतारावरच्या घराला खालचा मजला असतो; मागची भिंत मातीत आणि पुढचे दार थेट अंगणात. लोक त्याला बेसमेंट म्हणतात, एजंटही तसेच लिहितो. पॉलिसीच्या व्याख्येत बेसमेंट म्हणजे जिची जमीन चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली आहे ती जागा. एक बाजू बाहेरच्या जमिनीच्या पातळीत असेल तर ते बेसमेंट नव्हे. हा फरक हप्त्यापुरता नाही. खऱ्या बेसमेंटमध्ये पॉलिसी फर्नेस, वॉटर हीटर, विजेचे पॅनेल, पाया, रंग न दिलेले साधे ड्रायवॉल (भिंतीला लावतात त्या जिप्समच्या फळ्या), वॉशर, ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्या गोष्टींचेच पैसे देते. तिथला सोफा, टीव्ही, कपडे, लाकडी फ्लोअरिंग, यांतले काहीच नाही. अर्जात चुकून बेसमेंट लिहिले गेले, तर दाव्याच्या वेळी ॲडजस्टरशी, म्हणजे नुकसान पाहायला कंपनीने पाठवलेल्या माणसाशी, हाच वाद घालत बसावे लागते. उलट, क्रॉलस्पेसची जमीन चारही बाजूंनी बाहेरच्यापेक्षा खाली खणलेली असेल, तर ती व्याख्येने बेसमेंटमध्ये जाते, हेही ध्यानात ठेवा.

पुराच्या पट्ट्यातल्या क्रॉलस्पेसच्या भिंतींत पाणी आतबाहेर जाण्यासाठी झडपा लागतात. नियम असा: बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटामागे एक चौरस इंच मोकळी जागा, किमान दोन झडपा, त्या वेगवेगळ्या भिंतींवर, आणि झडपेची खालची कड जमिनीपासून एक फुटाच्या आत. 1,200 चौरस फुटांच्या क्रॉलस्पेसला 1,200 चौरस इंच. हवेसाठी बसवलेल्या साध्या जाळ्या यात पुऱ्या धरत नाहीत, कारण जाळीच्या पट्ट्या वजा करून उरणारी मोकळी जागाच मोजतात, आणि ज्यांना हिवाळ्यात हाताने बंद करावे लागते त्या तर मोजतच नाहीत. झडपा नसल्या तर बाहेर चार फूट पाणी आणि आत कोरडे, असा दाब भिंतीवर येतो आणि ठोकळ्यांची भिंत आतल्या बाजूला कोसळते. पाणी आत येऊ देणे हेच इथे घर वाचवणे आहे.

विम्याची रक्कम किती घ्यावी? घरासाठी जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर, आतल्या सामानासाठी 1,00,000. दोन्ही वेगवेगळे मागावे लागतात आणि दोन्हींना वेगळे डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून सोसायची रक्कम. बँकेला फक्त आपल्या कर्जाची काळजी असते. सामानाचा विमा ती मागत नाही आणि घराचाही उरलेल्या कर्जापुरताच चालवून घेते. इथेच मोठा खड्डा आहे. पुन्हा बांधायला 3,00,000 डॉलर लागतील असे घर धरा, कर्ज उरले 1,50,000, आणि विमाही तेवढाच काढला. राहत्या घराला घसारा न कापता दुरुस्तीचा पूर्ण खर्च मिळण्यासाठी विमा पुनर्बांधणी खर्चाच्या 80 टक्के, म्हणजे 2,40,000 असायला हवा, किंवा योजनेच्या कमाल मर्यादेइतका. तो नसेल तर 1,50,000 भागिले 2,40,000, म्हणजे साडेबासष्ट टक्के. 80,000 डॉलरच्या दुरुस्तीला 50,000 मिळणार किंवा घसारा कापून येणारी रक्कम, दोन्हींतली जास्त असेल ती, आणि त्यातून डिडक्टिबल वजा. वर्षातले निम्मे दिवसही तुम्ही त्या घरात राहत नसाल, म्हणजे ते सुट्टीचे किंवा भाड्याचे घर असेल, तर रक्कम कितीही घ्या, घसारा कापलाच जातो. सामानाला तर नेहमीच कापतात.

नवी पॉलिसी 30 दिवसांनी लागू होते. घर घेताना कर्जाच्या अटीसाठी काढली तर ही वाट पाहावी लागत नाही. वादळांचा हंगाम 1 जूनला सुरू होतो, त्यामुळे एप्रिल संपायच्या आत हप्ता भरलेला असावा. वादळाला नाव मिळाल्यावर एजंटला फोन करणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. योजनेला अमेरिकन काँग्रेसकडून वेळोवेळी मुदतवाढ लागते, हाही एक धोका आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारचे कामकाज ठप्प होते तेव्हा नव्या पॉलिसी निघत नव्हत्या आणि कित्येकांचे खरेदीचे व्यवहार अडले. जुन्या पॉलिसी मात्र चालू राहिल्या. खासगी कंपन्यांचा पूरविमाही मिळतो. त्यात मर्यादा मोठी आणि प्रतीक्षा कमी असते, पण एका मोठ्या पुरानंतर कंपनी पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारू शकते.

आता जे पॉलिसीत नाही ते. खेड्यातल्या घराला याचा फटका शहरातल्या घरापेक्षा कितीतरी जास्त बसतो. विहीर नाही, सेप्टिक टँक आणि त्याचे ड्रेनफील्ड, म्हणजे सांडपाणी मुरण्याची जागा, नाही, कुंपण नाही, संरक्षक भिंत नाही, घराबाहेरचा रस्ता नाही, वाहून गेलेली जमीन नाही. घर राहण्याजोगे होईपर्यंत बाहेर भाड्याने राहण्याचा खर्चही नाही. वेगळे उभे असलेले गॅरेज घराच्या रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंत येते, तेही त्याच रकमेतून. कोठाराला मात्र स्वतंत्र पॉलिसी. सर्वांत मोठी उणीव खासगी पुलाची. आमच्याकडे शेकडो घरांना ओढ्यावरचा स्वतःचा लाकडी किंवा लोखंडी पूल ओलांडूनच जावे लागते. हेलीनमध्ये असे पूल पत्त्यांसारखे उडाले. घर कोरडे, पण गाडी पलीकडे आणि तेलाचा टँकर, रुग्णवाहिका यायला वाट नाही. त्या पुलासाठी पूरविमा काही देत नाही. आपत्ती जाहीर झाली तर फेमाच्या व्यक्तिगत मदतीत खासगी रस्ता, पूल, विहीर आणि सेप्टिकसाठी अर्ज करता येतो. हेलीनच्या वेळी घराच्या मदतीची कमाल मर्यादा 42,500 डॉलर होती आणि प्रत्यक्षात हाती पडणारी रक्कम सहसा त्याहून पुष्कळ कमी असते. घर घेताना पूल दिसला, तर नवा बांधायचा अंदाज ठेकेदाराकडून घेऊन तेवढे पैसे बाजूला ठेवायची तयारी हवी.

दुसरी उणीव दरडीची. पाण्यासारखी वाहत आलेली चिखलाची नदी घरात शिरली तर ती पुरात मोडते. पावसाने डोंगराची कड सुटून माती-दगडांचा ढिगारा घरावर आला, तर ते भूस्खलन. ते पूरविम्यात नाही आणि होमओनर्समध्येही नाही. हेलीननंतर यावरून कित्येक दावे अडले. अशा वेळी पहिल्याच दिवशी काढलेले फोटो कामी येतात: भिंतीवरची सरळ आडवी रेघ, पातळ गाळाचा सारखा थर, ही पाण्याने वाहून आल्याची चिन्हे. ढिगारा उपसून झाल्यावर ती दाखवता येत नाहीत. आणखी एक अट अशी की साधारण कोरडी असलेली किमान दोन एकर जमीन किंवा दोन मालमत्ता पाण्याखाली गेल्या पाहिजेत. तुमचे प्लॉट एकरांत असतील तर शेजारी पाणी गेले नाही म्हणून दावा बुडत नाही; तुमच्याच दोन एकरांवर पाणी होते एवढे दाखवले की पुरते. रस्ता आणि शेताचे फोटो यासाठी काढायचे.

पाणी ओसरल्यावर आधी वीज आणि प्रोपेन बंद असल्याची खात्री करा, मग आत जा. साफसफाईला हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो काढा. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीवरच्या गाळाच्या रेघेशी टेप धरून तिची उंची दिसेल असा फोटो घ्या. ॲडजस्टर सगळा हिशेब त्या उंचीवरून लावतो. फ्रिज, फर्नेस, वॉटर हीटर, वॉशर यांच्या पाटीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर टिपून घ्या. कंपनीला त्याच दिवशी कळवा. त्यानंतर मात्र ॲडजस्टरची वाट पाहत ओले सामान घरात ठेवू नका, कारण बुरशी चढली आणि तुम्ही काहीच केले नाही असे दिसले तर तिचे पैसे कापले जातात. ओले ड्रायवॉल पाण्याच्या रेघेच्या वर कापून काढा, इन्सुलेशन काढा, पंखे आणि डीह्युमिडिफायर लावा. प्रत्येक टाकाऊ वस्तूचा नमुना ठेवा: कार्पेटचा हातभर तुकडा, फ्लोअरिंगची एक पट्टी, किचन कॅबिनेटचे एक दार. त्या नमुन्यावर दर्जा ठरतो आणि दर्जावर दर.

ॲडजस्टर आला की त्याच्याबरोबर घरभर फिरा, क्रॉलस्पेसमध्येही. डक्ट आणि जॉइस्टमधले इन्सुलेशन तो वरून पाहून सोडून देतो, असे वारंवार होते. तो पैसे मागत नाही; कुणी मागितले तर तो ॲडजस्टर नव्हे. नुकसानाचा अंदाज तो लिहितो, पण मंजुरी कंपनीची असते, त्यामुळे त्याने तोंडी दिलेल्या आकड्यावर ठेकेदार ठरवू नका. आगाऊ रक्कम हवी असेल तर लेखी मागा. सामानाची यादी स्वतः करा, खोलीवार, वस्तू कधी घेतली, केवढ्याला घेतली, आता केवढ्याला येते. बँकेची आणि कार्डाची जुनी स्टेटमेंट पावत्यांच्या जागी चालतात.

मग प्रूफ ऑफ लॉस: किती रक्कम मागतो ते शपथेवर सांगणारा, सही केलेला कागद. नुकसान झाल्यापासून 60 दिवसांत तो कंपनीकडे पोचलाच पाहिजे. मोठ्या आपत्तीत फेमा मुदत वाढवते, पण त्यावर विसंबू नये. ॲडजस्टर हा कागद भरून आणतो ती त्याची मदत, जबाबदारी तुमची. त्याचा आकडा कमी वाटला तर जेवढे मान्य आहे तेवढ्याचा कागद देऊन पैसे घ्या आणि राहिलेल्या कामासाठी ठेकेदाराचे ओळवार अंदाजपत्रक जोडून दुसरा प्रूफ ऑफ लॉस पाठवा. 'किचन दुरुस्ती, 18,000' असे एका ओळीत लिहिलेले अंदाजपत्रक परत येते. किती फूट कॅबिनेट, किती चौरस फूट ड्रायवॉल, किती तासांची मजुरी, असे हवे. नकाराचे पत्र आले तर त्या तारखेपासून 60 दिवसांत फेमाकडे अपील, आणि एका वर्षाच्या आत केंद्रीय न्यायालयात दावा. अपिलात आहोत म्हणून वर्षाची मुदत थांबत नाही.

घर पुराच्या पट्ट्यात असेल तर पैसे आले की लगेच ठेकेदार लावू नका, आधी काउंटीचा परवाना. दुरुस्तीचा खर्च पुराआधीच्या इमारतीच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा जास्त भरला, तर घर 'भरीव नुकसान' या वर्गात जाते आणि आताच्या नियमांप्रमाणे उंच करावे लागते. बाजारभाव फक्त इमारतीचा, जमिनीचा नाही. 1,40,000 डॉलरच्या इमारतीला 70,000 ला ही रेघ येते. चर्चच्या स्वयंसेवकांनी फुकट केलेले काम आणि देणगीत मिळालेले साहित्य यांचीही बाजारभावाने बेरीज होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काउंटीने कराच्या नोंदीतला भाव धरला असेल आणि तो जुना असेल, तर परवानाधारक मूल्यांकनकाराचा अहवाल देऊन तो बदलून घेता येतो.

घर या वर्गात गेलेच तर काउंटीचे पत्र लेखी घ्या. त्या पत्रावर पॉलिसीतूनच वाढीव 30,000 डॉलरपर्यंत रक्कम मिळते, घर उंच करण्यासाठी, हलवण्यासाठी किंवा पाडण्यासाठी. घराची रक्कम आणि ही मिळून 2,50,000 च्या वर जात नाही. पाया उंच करायला हे पैसे बहुधा पुरे पडत नाहीत, पण फर्नेस आणि वॉटर हीटर वर घेणे, पॅनेल हलवणे आणि झडपा बसवणे त्याच कामात उरकता येते. काम संपले की सर्व्हेयरकडून नवा एलिव्हेशन सर्टिफिकेट करून एक प्रत काउंटीच्या फाइलला आणि एक विमा कंपनीला द्या, आणि नव्या उंचीवर हप्ता पुन्हा काढायला लेखी सांगा. आपणहून तो कुणी उतरवत नाही.